सतरावी ओळ

कुस्को, १२ जून २०१६

ति. ताईस हर्मेलिंडाचा वाकून नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचले. तू ओळीने मांडून ठेवलेल्या चौऱ्याण्णव जातींच्या बटाट्यांचे फोटो छान आलेत. जुन्या जातींची नोंद ठेवणाऱ्या बियाणं-भांडारवाल्यांना प्रत्येक फोटोवर त्या बटाट्याचं नाव हवंय. एकेकावर हाताने लिहीत बसले तर महिना जाईल, म्हणून मी ऑफिसच्या संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहिली आहे. पहिल्या फोटोवर यादीतली पहिली ओळ, दुसऱ्यावर दुसरी, पांढऱ्या अक्षरांत, खाली मधोमध. एंटर दाबलं की कोकाचा चहा निवायच्या आत सगळं तयार! पण हे यंत्र बटाटा ओळखत नाही, नुसत्या ओळी मोजतं. म्हणून नावं मांडलेल्या क्रमानेच पाठव. एक जरी ओळ गळली तरी पुढची सगळी नावं एकेक घर सरकतील.

आईने नावं तुलाच शिकवली, तेव्हा तुझ्याशिवाय अडतंय. यादी एवारिस्तोच्या बसमधून दे. पाठीला जप.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
हर्मे

केवारपाता, १९ जून

चि. हर्मेलिंडास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्याआधी वर्तमानपत्र मिळालं. एवारिस्तोने भर चौकात बस थांबवून मोठ्याने वाचून दाखवलं, ‘आईचे बटाटे जपणारी कन्या’. फोटोत तू आहेस, तुझ्या मांडीवर बटाटे आहेत आणि मागे माझं कोपर आहे. कोपर छान आलंय. शेजारची फोर्तुनाता मला विचारत होती, एवढ्या जाती हर्मे शहरात राहून कशा गं सांभाळते? मी म्हटलं, खिडकीत लावते.

तुला संगणक येतो, फोटो येतात, पेपरवाल्यांशी बोलता येतं. मला नांगरट येते, गारा पडल्यावर रडता येतं. आईने मला नावं शिकवली म्हणतेस. शिकवली नाहीत, तिच्यामागून वाकून वाकून अंगात भिनली. तू तेव्हा शाळेत पांढरे मोजे घालून जात होतीस.

यादी सोबत आहे. खाडाखोड नाही.

आठवण ठेवावी, इतकंच.
सातुर्निना

कुस्को, ४ जुलै

ति. ताईस नमस्कार.

पिसाकच्या बियाणं-मेळ्यात काल माझी शोभा झाली, ती तुझ्यापर्यंत पोचलीच असेल. चौऱ्याण्णव फोटो भिंतभर लावले होते. वरच्या गावातल्या बायका आल्या आणि हसायला लागल्या. ‘सूनरडवी’ हे नाव एका गुळगुळीत, अंड्यासारख्या बटाट्याखाली! एक म्हातारी म्हणाली, हा सोलताना रडते ती सून कसली नाजूक बाई! ‘पुमाचा पंजा’ लिहिलंय तिथे पंजाच नाही. आणि चुन्योसाठी गोठवून वाळवतात त्या कडू बटाट्याखाली सगळ्यात गोड जातीचं नाव. भांडाराच्या बाईंनी कपाळाला हात लावला. शुक्रवारपर्यंत नावं दुरुस्त झाली नाहीत तर आपल्या जाती यंदाच्या नोंदीत घेणार नाहीत, म्हणाल्या.

शेवटच्या फोटोवर नाव उमटलंच नव्हतं. मी मूर्ख, मला वाटलं, एखादा फोटो चुकून दोनदा काढला असेल. आज यादी मोजली. त्र्याण्णव ओळी आहेत. सोळाव्या फोटोपर्यंत सगळं बरोबर आहे. तू चौऱ्याण्णव बटाटे डोळे मिटून मोजतेस, ताई. तुझ्याकडून ओळ गळते कशी?

सतरावा कोणता, एवढं कळव. रागाने लिहितेय, तरी माया आटलेली नाही.
हर्मे

केवारपाता, ६ जुलै

चि. हर्मे,

गळली नाही. गाळली. गळली तर काय होईल ते तूच लिहिलं होतंस, म्हणून गाळली.

सतरावा बटाटा म्हणजे तो लालसर, डोळ्याडोळ्यांचा, वाकडा. तू कुस्कोला गेलीस त्या वर्षी आईने बटाट्याच्या फळातलं बी पेरून तो वाढवला. कुणाकडेच नव्हता तसा. तिने त्याला नाव दिलं ‘हर्मेलिंडा’. वीस वर्षं मी त्याला माती चढवली. दंवापासून झाकायला स्वतःची चादर घातली. दर सुगीला आई आधी त्यालाच शोधायची, हातात घेऊन विचारायची, पोरगी जेवत असेल ना वेळेवर? मी समोर उभी असायचे, उपाशी. मला कधी विचारलं नाही. माझ्या नावाचा एक कोंबही नाही या शेतात.

तुला सांगितलं असतं तर तू आणखी फुगली असतीस. म्हणून आई गेल्यावर ते नाव मी तोंडातून काढलं नाही. वाटलं, माझ्याबरोबर जाईल. पण जाती नोंदीतून सुटाव्यात असं मला वाटत नव्हतं, त्या आईच्या आहेत. सतराव्या ओळीवर तुझं नाव घाल. पुढची सगळी जागेवर येतील.

माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते तुझं तू बघ.
सातुर्निना

कुस्को, ९ जुलै

ति. ताई,

सतरावी ओळ घातली. एंटर दाबलं. चौऱ्याण्णवही नावं आपापल्या जागी बसली, आणि काल नोंद झाली.

आता माझं ऐक. भांडारवाल्यांना प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात जपणाऱ्याचंही नाव हवं होतं. त्याला आणखी एक छोटी आज्ञा पुरते. बुधवारी मी तिथे माझं नाव घातलं. दिवसभर ते चौऱ्याण्णव वेळा बघितलं. फार सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू? तुला आईने सगळं शेत दिलं, सगळी नावं दिली, तिची शेवटची दहा वर्षं दिली. मला फोनवर पाच मिनिटं मिळायची, त्यात अर्धा वेळ ती तुझंच कौतुक करायची. सातुर्निना नसती तर जमीन पडीक असती, म्हणायची. मी फोन ठेवून भांडी आपटायचे. हे तुला ती कधी बोलली नसणार.

गुरुवारी मी सगळं पुसून नव्याने घातलं. आता सतराव्यावर खाली लिहिलंय ‘हर्मेलिंडा’, आणि कोपऱ्यात, ‘जपणारी: सातुर्निना’. बाकी त्र्याण्णवांवरही तूच आहेस.

ऑक्टोबरात लावणीला येते. सतरावा मी लावीन, तू बांधावर बसून चुका काढ. आणि जेवायला काय करू ते आधी सांग. तुला काय आवडतं, मला माहीत नाही.

तुझीच,
हर्मे