कापलेली अकरा मिनिटं

हॉलिवूड, ४ मार्च १९३७

प्रिय रग्नाताईस हाल्वरचा सा. न. वि. वि.

बातमी आहे, बसून वाच. पंधरा वर्षं गावोगावच्या रंगमंचांवर आणि पुढे एक्केचाळीस सिनेमांत मी वेटर झालो, हवालदार झालो, न्यायाधीश झालो. जाहिरातीवर नाव एकदाही आलं नाही. या वेळी मी दीपगृहाचा रखवालदार आहे, चांगली अकरा मिनिटं. वादळात दिवा सोडून यायला तो नकार देतो आणि मरतो. चाल बाबांची घेतली, मान खाली घालून बोलणंही त्यांचंच. मी बंदराच्या धक्क्यावरचं काम सोडून नाटकमंडळीबरोबर निघालो, तेव्हापासून त्यांनी माझं नाव काढलेलं नाही, हे ठाऊक आहे. तरी सिनेमा तिकडे लागला की जमलं तर त्यांना ने.

लोभ आहेच, तो चार ओळींतून दिसू दे.

तुझा, हाल्वर


डलूथ, १९ सप्टेंबर १९३७

चि. हाल्वर, अनेक आशीर्वाद.

काल सिनेमा लागला. चर्चमधली निम्मी मंडळी मीच गोळा केली होती. बाबा येणार नाहीत असं धरून चालले होते, तर ते कोट घालून दारात उभे. दीपगृह दिसलं, वादळ झालं, तू काही आलाच नाहीस. बाबांनी हळूच विचारलं की यातला आपला कोणता. तारघरात एक म्हातारा कारकून बसला होता, त्याच्याकडे बोट केलं. त्याच्याकडे ते टक लावून बघत राहिले आणि घरी येताना एवढंच म्हणाले की पोरगा काम बरं करतो. मला रडू आवरेना. या वयात मला बापाशी खोटं बोलायला लावलंस, आता तूच निस्तर.

जेवणाची हेळसांड करू नकोस आणि असाच हक्काने छळत राहा.

तुझी ताई


हॉलिवूड, २६ सप्टेंबर १९३७

प्रिय ताईस सा. न.

मलाही कोणी सांगितलं नव्हतं. तिकीट काढून बसलो तेव्हा कळलं. दिग्दर्शक म्हणाले की सिनेमा लांबत होता म्हणून कापलं, काम मात्र उत्तम होतं. मी हसून आभार मानले. तेवढा अभिनय मला येतो. पण आता पुरे. त्रेचाळीस वर्षांचा झालो. धक्क्यावर हजेरी घ्यायचं तरी काम मिळेल का, निल्सभावोजींना विचारशील? आणि बाबांना खरं सांगून टाक, माझ्यात तेवढा धीर नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

हाल्वर


डलूथ, ५ ऑक्टोबर १९३७

चि. हाल्वर यास बापाचा आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही. निल्स म्हणतो की तुला धक्क्यावर यायचंय. येऊ नकोस. इथे माणसं पुरेशी आहेत.

रग्नाने दाखवला तो तू नव्हेस, हे मला तिथेच कळलं. तिचा चेहरा बघवेना, म्हणून बरं करतो म्हणालो. मी तुला ओळखणार नाही होय? सूप सांडणारा वेटर मी दोनदा पाहिला. न्यायाधीश झालास तेव्हा चष्मा पुसलास, तो थेट तुझ्या आईसारखा. मला उठून बाहेर जावं लागलं.

तू निघालास त्या दिवशी मी नको ते बोललो. चूक माझी होती.

कापलेलं काम मला बघायचंय. नाताळला ये आणि स्वयंपाकघरात करून दाखव. त्या कारकुनाचं मला कळलंय, हे रग्नाला सांग हवं तर. बाकीचं सांगू नकोस; शनिवारी दुपारी मी न्हाव्याकडे जातो, असं ती समजते.

आक्सेल स्टेनरूड