अपडेट झालं म्हणे!

प्रिय खटपटे,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. कॉम्प्युटरसुद्धा. खरी पंचाईत तीच आहे, पण ते मागाहून. आधी माझा पराक्रम ऐक, नाहीतर माझ्या पोटात दुखेल.

गेल्या फोनवर मी काय रडगाणं गायले होते, आठवतंय ना? भरतकामाच्या मशीनला नवा भाग बसवला आणि त्याला जुन्या प्रोग्रामच्या फायली वाचता येईनात. अपडेट करायला घेतलं की पट्टी ऐटीत शेवटपर्यंत सरकायची, 'यशस्वी' म्हणून हिरवी अक्षरं यायची, आणि प्रोग्राम उघडला की परत तेच तुणतुणं: नवं अपडेट आलंय, घ्या. इकडे दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट नावाविना गठ्ठ्यात पडलेले. तू ऑफिसात घाईत होतीस. आयकॉनवर उजवं बटण दाबा, प्रॉपर्टीजमध्ये पत्ता कुठला आहे ते बघा, एवढं सांगून तू फोन ठेवलास. पोरगं ऐकतच होतं. आई, आता पुरे कर म्हणालं, आमचं मोडून वर्ष होऊन गेलं, ती तिच्या मार्गाला लागली, तू ऊठसूट तिला कशाला छळतेस, मी तुला नवा कॉम्प्युटर आणून देतो. बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. कारण तुमचे कागद झाल्यापासून तुझ्यामाझ्यात उरलंय काय, तर या डब्याचं दुखणंखुपणं. नवा आला की तेही संपलं. आधी 'आई' म्हणायचीस, आता 'अहो ऐका ना'वर भागवतेस. मी तरी कुठे धड बोलते? 'सूनबाई' तोंडात येतं आणि जीभ चावते.

पण तो पत्ता काही माझ्या डोक्यातून जाईना. उजवं बटण दाबलं, चष्मा पुसून वाचलं, तर सुरुवातीलाच डी. आणि मला एकदम ती दुपार आठवली. मुख्य डिस्क गळ्यापर्यंत भरली होती म्हणून तू डबा उघडून दुसरी डिस्क बसवलीस आणि माझा भरतकामाचा प्रोग्राम तिकडे हलवलास. मी टॉर्च धरून उभी, तू तोंडात स्क्रू धरून मला समजावतेयस आणि मला एक अक्षर कळत नाहीये! मग म्हटलं, डीमध्ये हा राहतो, तर सीमध्ये, त्या मुख्य डिस्कवर, कोण आहे ते तरी बघू. गेले शोधत. अगं, तिथे त्याच नावाचा फोल्डर! आत कोरा करकरीत नवा प्रोग्राम, एकदाही न उघडलेला. म्हणजे अपडेट बिचारं खोटं बोलतच नव्हतं. प्रोग्रामने घर बदललंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दर वेळी ते जुन्या पत्त्यावर जायचं, सगळं नवं थाटायचं, 'यशस्वी' म्हणायचं, आणि मी रोज डीमधलं जुनंच उघडून त्याच्या नावाने खडे फोडायची. हसू की रडू कळेना.

आता शहाण्या माणसाने तिथेच थांबावं. सीमधला उघडला, मशीन गुमान चालू झालं, कोटांवर नावं चढायला लागली असती. पण प्रोग्राममधली धाग्यांची पेटी उघडली आणि माझा जीव खट्टू झाला. नुसते नंबर! तू माझ्या धाग्यांना ठेवलेली नावं कुठेच नाहीत. 'उतू गेलेलं दूध' नाही, 'धुवून विटलेला रुमाल' नाही, आणि तो भडक लाल, 'आई चिडल्या', तोही नाही. म्हटलं, नंबर घेऊन मी काय करू? तुझा धडा आठवला, आधी कॉपी, मग शहाणपणा. डीमधल्या रंगांच्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, सीमधलं बिऱ्हाड उठवलं आणि अपडेट नव्याने लावलं. एरवी मी 'पुढे, पुढे' दाबत सुटते, या वेळी प्रत्येक चौकट वाचली. एका चौकटीत कोपऱ्यात बारकंसं बटण, 'जागा बदला'. इतके दिवस तिथेच होतं, मेलं! त्याला डीमधलं घर दाखवलं. प्रोग्राम उघडला तर नवाकोरा, तुणतुणं बंद, आणि पेटीत 'आई चिडल्या' आपल्या जागेवर. मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

पोरगं धावत आलं. बघून खूश झालं, मग नवा कॉम्प्युटर नको म्हणालं. आणि जाता जाता म्हणालं, चला, आता तिला फोन करायची पण गरज नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली. भारी उत्साहाने मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

दोनतीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तक्रार कसली सांगू? सगळं चालतंय. म्हणून हे पत्र, आणि खाली चिकटवलाय तो धाग्याचा तुकडा. नवा रंग आलाय, निळा म्हणावा तर निळा नाही, राखाडी म्हणावा तर तोही नाही. फोनच्या कॅमेऱ्यात भलताच दिसतो आणि रिळावर नुसता नंबर आहे. याला नाव हवंय. खरं सांगू? धागा निमित्त आहे. तू माझ्या मुलाची बायको म्हणून या घरात आलीस, पण मला तू माझी म्हणून आवडलीस, आणि तुमचे कागद झाले तेव्हा माझी सही कोणी घेतली नव्हती. काही बिघडलेलं नसताना एकदा ये. दिवसा ये, खिडकीपाशी बसून रंग नीट दिसतो. पोरगं त्या वेळी कामावर असतं. नाव पत्राने कळवू नकोस, येऊनच सांग.

तुझीच,
अहो ऐका ना