गोगलगायीचं दुसरं नाव

सोमवार, ३ जुलै
शब्दांत केवढी ताकद असते, हे शाळकरी पोरांना पटवायला मी कादंबरी लिहितेय. आज लेकीच्याच वर्गात पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. हंशा नुसता! माझी ‘गोगलगाय’ — घंटा झाल्यावर जिला उत्तर सुचतं ती मुलगी — पोरांनी डोक्यावर घेतली. वर्गाच्या बाई म्हणाल्या, “तुमची जीभ म्हणजे कात्री आहे हो!” दाद समजून मान तुकवली. लेक मागच्या बाकावर, वहीत डोकं खुपसून.

मंगळवार, ४ जुलै
लेक जेवली नाही. पोट दुखतंय म्हणे.

गुरुवार, ६ जुलै
बाईंचा फोन. हजेरीत लेकीचा नंबर आला, की तिच्याआधी अख्खा वर्ग ओरडतो — “गोगलगाय!” तीन दिवस तिनं ‘हजर’सुद्धा म्हटलेलं नाही.
“पण पोरांना कळलं कसं?”
“अहो, तिची मैत्रीण येते ना तुमच्याकडे अभ्यासाला. तुम्हीच हाका मारता म्हणे — गोगलगाय, आटप!”
मारते. ती तीन वर्षांची असल्यापासून. सँडलचा पट्टा लावायला अर्धा तास घ्यायची. लाडाचं नाव हो! पुस्तकाला नाव हवं होतं, घरात आयतं पडलेलं उचललं. मालकिणीला विचारायचं असतं, हे सुचलंच नाही.
दुनियेची उणीदुणी काढत वीस वर्षं पोट भरलं. घरात कात्री उघडी टाकू नये, एवढी अक्कल आली नाही.

शनिवार, ८ जुलै
समजूत घालायला गेले. “अगं, शेवटी गोगलगाय असं भाषण ठोकते, की सगळी शाळा गप्प!” ती नुसती बघत राहिली. माझ्या लिखाणाची अशी शोभा आजवर एकाही टीकाकाराला करता आली नव्हती.

सोमवार, १० जुलै
तिच्यासमोर बसून नाव खोडलं. “मग काय ठेवू? तूच सांग.”
बराच वेळ गेला. मी मध्ये तोंड घातलं नाही — जन्मात पहिल्यांदा!
“तुझं ठेव,” म्हणाली. “तुलाही चिडवत असतीलच की शाळेत.”
चिडवायचे. ते नाव तिच्या बाबांनाही ठाऊक नाही.

मंगळवार, ११ जुलै
लिहिलं. ढब्बू.
तिनं वाचलं. हसली नाही. “आई, हे कुणी ठेवलं होतं?”
“माझ्या आईनं,” म्हटलं. “लाडानं.”