गव्हाच्या डब्यातली बांगडी

चि. सौ. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा चाकणला कंपनीत तुझा सत्कार झाला. स्टोअरमधले बोल्ट ऐन वेळी संपायचे, म्हणून तू पेट्यांना आतून लाल पट्टी लावलीस. पट्टी दिसली की नवा माल मागवायचा. त्यावर तू स्टोअरची मुख्य झालीस. माइकवर म्हणालीस, "हे मी माझ्या जाऊबाईंकडून शिकले. त्या गव्हाच्या डब्यात जुनी बांगडी पुरून ठेवतात. बांगडी दिसली की गहू आणायचे."

टाळ्या पडल्या. भावजी म्हणाले, "वहिनी, तुमच्या बांगडीला प्रमोशन मिळालं की!" मी हसले.

देवापुढे बसून लिहितेय, खोटं लिहवत नाही. तू माझं नाव घेतलं नसतंस तर बरं झालं असतं. निदान तुला नावं तरी ठेवता आली असती.

लग्नानंतर तू कोर्सला जायचीस तेव्हा मी म्हणायचे, "शिकून शेवटी पोळ्याच लाटायच्यात ना!" बावीस वर्षं घराची वर्षाची बेगमी मी कधी चुकवली नाही. माझी स्वतःची तेवढी राहिली.

तू दिलेला स्टोअर-मदतनिसाचा फॉर्म आठ दिवस देव्हाऱ्याखाली आहे. दहावी चालते. उद्या शेवटची तारीख. तुझ्या हाताखाली राबायचं म्हटलं की घास उतरत नाही. तरी आज फॉर्म भरला. 'अनुभव'पुढे लिहिलंय, बावीस वर्षे.

हे पत्र बांगडीच्याही खाली पुरतेय. फॉर्म तेवढा सकाळी तुझ्या हातात देईन.

तुझी थोरली जाऊ,
वैजयंता