दाराला लावलेलं बाकडं

प्रिय बाबा,

आधी झालं ते क्रमाने.

१. मंगळवारी दुपारी चौकीच्या सेटवर सिनेमातला कोठडीचा प्रसंग चित्रित झाला.
२. मग मी नेहमीप्रमाणे खोलीची शांतता रेकॉर्ड करायला घेतली. तीस सेकंद कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही.
३. तुम्ही सल्लागार म्हणून आला होतात, तुमच्या सदऱ्याला माइक होता. जुन्या पोलिसी कामाबद्दल तुम्ही सांगाल ते टिपून ठेवा, असं दिग्दर्शकाने मला बजावलं होतं.
४. एकोणिसाव्या सेकंदाला तुम्ही सुताराच्या कानात म्हणालात, "हे बाकडं भिंतीशी नव्हतं हो. त्या दिवशी कडी निखळली होती, म्हणून आम्ही ते बाहेरून दाराला लावलं होतं."
५. हे सुताराने ऐकलं, आणि हेडफोनमधून मी.

सुताराला काही वावगं वाटलं नाही. 'साहेबांची नजर बारीक' म्हणत त्याने बाकडं हलवलं. चुकीच्या जागी वस्तू दिसली की तुम्हाला राहवत नाही. तो गुण माझ्यातही उतरलाय, म्हणून तर तुम्ही मला मोजपट्टी म्हणता.

पण त्या दिवशी तुम्ही चौकीत नव्हताच ना? ज्याच्यावर हा सिनेमा आहे तो टेम्पोवाला कोठडीत मेला, त्याच दिवशी माझा जन्म झाला. "सकाळपासून दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो, पायांना गोळे आले, पण जागचा हललो नाही." माझ्या प्रत्येक वाढदिवसाला हे ऐकत मी मोठी झाले. आत्या म्हणायची, बाप असावा तर असा. चौकशीतही तुम्ही हेच लिहून दिलंत. तुमचे दोन सोबती हलगर्जीपणाच्या ठपक्याने नोकरीतून गेले आणि तुम्हाला बढती मिळाली. ही गोष्ट निघाली की आई काहीतरी आणायला आत जायची. मला वाटायचं, लाजते. बुधवारी मी तिला फोन करून सरळ विचारलं. "दिवेलागणीला आले होते. शर्ट बदलून," ती म्हणाली. मग तिने नळ सोडला. मी आवाजाचं काम करते, बाबा. रिकाम्या मोरीत सोडलेला नळ मला कळतो.

चौकशीचा अहवाल मी आता पाच वेळा वाचलाय. दाराची कडी निखळलेली होती, दार उघडंच होतं, कैद्याला कोणी कोंडलं नव्हतं, छातीत कळ आल्यावर तो बाहेर येऊन हाक मारू शकला असता, सबब मृत्यूचा दोष कोणावरही नाही. त्यात बाकड्याचं नाव कुठेच नाही. ते पहिल्यांदा तुमच्या तोंडून आलं. माझा जन्म तुम्ही साक्षीला उभा केलात, आणि सत्तावीस वर्षं मी ती साक्ष केक कापून देत राहिले.

त्या टेम्पोवाल्याची बायको रोज सेटवर येते, हे तुम्ही पाहिलंत. सोमवारी तुम्ही तिला 'वहिनी, बसा' म्हणत स्वतःची खुर्ची दिलीत. बाकी सगळं कदाचित मी कधीतरी समजून घेईन. ती खुर्ची नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. शांततेत कोणी बोललं की तो तुकडा खराब धरतात, पुसून टाकतात आणि पुन्हा घेतात. मी पुन्हा घेतला. पहिला पुसलेला नाही. काल ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "पोरी, तुझं ऐकण्याचंच काम आहे म्हणून विचारते. दार उघडं होतं, तर हे बाहेर का नाही आले गं?" मी म्हणाले, माहीत नाही. एवढं सरळ खोटं मी आजवर कोणाशी बोलले नव्हते, आणि ते तुमच्यासाठी दुसऱ्यांदा बोलणार नाही. पुढच्या गुरुवारी शूटिंग संपतं आणि ती गावी परतते. त्याआधी तुम्ही तिच्यासमोर बसून तिला उत्तर द्याल, की मी माझा हेडफोन तिच्या कानाला लावू? येत्या बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा. लिहूनच कळवा, फोन नको. फोनवर तुम्ही फार गोड बोलता.

तुमचीच,
मोजपट्टी