त्या जर्मनाचा विचार बदलला त्याबाबत

मी, बसप्पा सिद्रामप्पा मिटकरी, वय २६, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, शिक्षण सातवी (उर्दू), राहणार मानवत, जिल्हा परभणी, पूर्वी हैदराबाद राज्य, हल्ली मुंबई राज्य, परवा पोटाच्या ऑपरेशनसाठी औरंगाबादला जात आहे. परत येईन की नाही माहीत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. रागही आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र चालते का, हे वकिलांना दोनदा विचारले. चालते.

१. वडिलांच्या घरातला माझा हिस्सा व पोस्टातली शिल्लक आई गौराबाई हिला.

२. ब्रश, रंगाचे डबे व शिडी चंद्रभान पेंटरला. त्याने बाजारात ‘किराणा दुकाण’ अशा चार पाट्या केल्या आहेत. त्या आधी दुरुस्त कराव्यात. शिडी त्यासाठी अगोदर न्यावी, बाकी सामान नंतर.

३. दिनकरराव मास्तरांना काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. म्हणूनच मी त्यांना साक्षीदार केले आहे. या कागदाखाली त्यांची सही पाहिजे.

मास्तरांनी मला एका जर्मन तत्त्वज्ञाचा विचार शिकवला. मरण ज्याचे त्यालाच मरावे लागते, म्हणून चारचौघांच्या म्हणण्याने जगू नये, आपला निर्धार आपण करावा. मी केला. आम्ही लिंगायत; गळ्यातले लिंग काढून वडिलांपुढे ठेवले आणि माझ्या पाट्यांच्या दुकानात राहायला आलो. दोन वर्षांनी वडील अंथरुणाला खिळले. आई दुकानाच्या पायरीशी आली. म्हणाली, “बोलू नको काई. नुस्तं येऊन बस त्यायच्याजवळ.” मी म्हणालो, माझा निर्धार झाला आहे. आठव्या दिवशी वडील गेले.

गेल्या दिवाळीत मास्तर चहा पिता पिता म्हणाले, “बसप्पा, तुझा जर्मन बदलला की रे. आता म्हणतो, माणसाच्या निर्धारानं सगळं होत नसतं. असू द्यावं, थांबावं, ऐकावं.” कधीपासून, असे मी विचारले. “झाली असतील वीस वर्षं. मला आत्ता नवं पुस्तक वाचून कळलं.” एवढे बोलून त्यांनी बिस्कीट बुडवले.

म्हणजे मी लिंग काढले तेव्हा त्या माणसाने स्वतःच तो हट्ट सोडलेला होता. त्याला नवे पुस्तक लिहिता आले. मी काय लिहू?

४. पहिल्या मसुद्यात होते: माझे मरण माझे, कोणी विधी करू नये. ते खोडले आहे. आईने आपल्या रीतीने बसवून पुरावे. हे त्या जर्मनाच्या नव्या विचारामुळे नाही. मूठमाती तिला द्यावी लागणार आहे, मला नाही.

५. आईला वाचता येत नाही. मास्तरांनी हा कागद तिला शेवटपर्यंत वाचून दाखवावा. मध्येच ‘त्याचा मूळ अर्थ निराळा आहे’ असे म्हणू नये. ती विचारील, “मंग तवा का आला न्हाई त्यो?” उत्तर मास्तरांनी द्यावे. मला येत नाही.

सही: बसप्पा सिद्रामप्पा मिटकरी
साक्षीदार:
१. दिनकरराव, निवृत्त शिक्षक (पूर्ण वाचून सही केली)
२. लिंबाजी, चहाचे हॉटेल, शेजारी (निशाणी डावा अंगठा)
मुक्काम मानवत, ता. १४ फेब्रुवारी १९५७