बीमखालचे पाच फूट दोन इंच

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस आणि पहिलाच अपमान! जालना रोडवरच्या या ऑफिसात आठ जणांना दोन आठवड्यांत थ्री-डी मॉडेल शिकवायचं. मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी पाठवलंय. सगळे इंजिनिअर नाहीतर ड्राफ्ट्समन, सगळे माझ्याहून मोठे. मी वाकून लॅपटॉपची वायर लावत होते. दत्तोपंत — तीस वर्षं इथं नकाशे काढतायत, चष्मा कायम कपाळावर — म्हणाले, "प्लग मागं आहे. मॅडम कधी येणारेत?"

"मीच मॅडम," म्हटलं.

हसले नाहीत, ओशाळले नाहीत. "बरं," म्हणाले आणि खुर्चीत बसले. अस्सं! बघून घेऊ.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुस्तकातला बंगला मी शिकवत नाही. ऑफिसचं चालू काम घ्यायचं आणि त्याचंच मॉडेल करायचं, ही माझी रीत. सध्या वैजापूरचं मुलींचं वसतिगृह चालू आहे. तळमजल्याचे कॉलम उभे, जिना झालाय, पहिला स्लॅब १५ तारखेला. तेच घेतलं. मालक हिमांशू सर खूश. "वा, शिकता शिकता आमचंही काम!"

६ नोव्हेंबर, गुरुवार

दत्तोपंतांची सवय पकडली! भिंत दहा फुटांची हवी, कॉम्प्युटरवर काढली गेलीय साडेनऊ. तर भिंत पुन्हा कोण काढणार? मापाच्या आकड्यावर क्लिक करायचं, साडेनऊ खोडायचं, दहा लिहायचं. झालं काम. कागदावर दहा, रेघ साडेनऊच.

मॉडेलमध्ये ही चलाखी नाही चालत. तिथं भिंत जेवढी, तेवढाच आकडा. दत्तोपंत पाच मिनिटं त्या आकड्यावर टिचक्या मारत बसले. मग म्हणाले, "फार हट्टी सॉफ्टवेअर आहे हो तुमचं."

"खोटं लिहू देत नाही, एवढाच त्याचा हट्ट," मी म्हटलं. स्वरदा, नवी इंजिनिअर, फिसकन हसली. दत्तोपंत लाल झाले. "साइटवर जुळवून घेतात. मिस्त्री काय नवखे असतात का?" एवढं बोलून चहाला गेले ते आलेच नाहीत.

जरा जास्तच बोलले का मी? नाही. बरोबर बोलले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दत्तोपंत गैरहजर. वर्ग सुरळीत!

९ नोव्हेंबर, रविवार

आठव्या दिवशी नळाला पाणी. अख्खा रविवार पिंपं भरण्यात गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

मी पोचले तर दत्तोपंत आधीच येऊन बसलेले. मला बघून घाईघाईनं स्क्रीनवरचं काहीतरी बंद केलं. पत्ते खेळत असणार!

दुपारी स्वरदानं मॉडेलमधल्या जिन्यावर एक माणूस उभा केला. त्याचं डोकं थेट बीममध्ये घुसलं! सगळे हसायला लागले. मी मोजलं आणि माझं हसू गेलं. नकाशावर पायरीपासून बीमपर्यंत सात फूट लिहिलेत. मॉडेल म्हणतं, पाच फूट दोन इंच. वरचा हॉल वाढवला तेव्हा बीम सरकला. कुणीतरी बाकी काही न तपासता आकडा तेवढा 'सात' लिहून टाकला. कोपऱ्यात सही दत्तोपंतांची.

माझी उंची पाच-तीन. म्हणजे मीसुद्धा आपटणार. आणि साठ मुली सकाळी कॉलेजच्या घाईत त्या जिन्यावरून धावत उतरणार!

११ नोव्हेंबर, मंगळवार

हिमांशू सरांच्या केबिनमध्ये मी आणि दत्तोपंत.

"मॅडम, ट्रेनिंगची फाइल ट्रेनिंगपुरती. डिलीट करा," सर म्हणाले.

"आणि जिना?"

"नकाशे मंजूर झालेत. आता बदलले तर आमची लाज जाईल. साइटवर बघतील ते."

"मी डिलीट करणार नाही," म्हटलं.

आणि दत्तोपंत? खाली मान. तोंडात मूग! तीस वर्षांचा अनुभव म्हणे. असल्या अनुभवाला काय चाटायचंय? मला इतका राग आलाय की जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

क्लासच्या सरांचा फोन. हिमांशू सरांची माफी मागायची, नाहीतर क्लासला यायचं नाही. नाही मागत! ट्रेनिंग बंद, नोकरी गेली. गेली तर गेली.

गावी, कन्नडला, आईला फोन करून सांगितलं. वाटलं, रडेल.

"काढलं व्हय तुला?"

"व्हय."

"तू खरं बोललीस ना पण?"

"व्हय गं."

"मंग रडायचं नाय. मेंढरं राखून शिकवलंय तुला. मुंडी हालवायला नाय शिकवलं."

रडत नव्हतेच मी. फोन ठेवल्यावर रडले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पर्समध्ये मापाचा टेप टाकला आणि सकाळच्या एसटीनं वैजापूर गाठलं. उद्या स्लॅब. साइटवरच्या फकिरा मिस्त्रींच्या हातापाया पडायचं, नाही ऐकलं तर तिथंच ठाण मांडून बसायचं, असं ठरवूनच गेले होते.

साइटवर सामसूम. मिक्सरवर ताडपत्री.

"उद्याचा स्लॅब रद्द हाय," फकिरा मिस्त्री म्हणाले. "सकाळीच आफिसातनं नवा नकाशा आला. बीम सरकवायचाय. म्या तर कवाच इचारलं व्हतं, हितं पाचच फूट भरतंय म्हून. जुळवून घ्या म्हनले."

जिंकले! वाकले की नाही हिमांशू सर! स्टँडवर उभ्या उभ्या दोन प्लेट भजी खाल्ली, मिरच्यांसकट. आता दत्तोपंतांचं तोंड बघायला मिळायला हवं होतं, एवढीच हौस राहिली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हिमांशू सरांचा फोन. नवा नकाशा त्यांनी पाठवलाच नव्हता. दत्तोपंतांनी पाठवला. कुणाला न विचारता, मॉडेलमधून स्वतः काढून, खाली सही करून, आणि सहीखाली लिहून — 'आधीची चूक माझी.' काल संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं.

"त्यांच्या जागी सोमवारपासून तुम्ही या. आम्हाला मॉडेल येणारं माणूस हवंय."

"होतं की तुमच्याकडे," म्हटलं. "कालच काढलंत."